साष्टीच्या बागांतील कीटकदर्शन : नाम, भिंग आणि छायाचित्र

१

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या भागांतील कोणत्याही वसाहतीच्या बागेत पावसाळा सरता सरता सकाळी गेले असता एखादा तरुण कुंपणाच्या रोपाशी श्वास रोखून बसलेला आढळतो. त्याच्या हातातील कॅमेरा पानापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतो. पानावर काय आहे हे वाटसरूला दिसत नाही. विचारले तर उत्तर मिळते, ‘मॅक्रो काढतो आहे.’ कशाचा, असे पुढे विचारल्यास बहुधा ‘एका किड्याचा’ एवढेच सांगण्यात येते. प्रस्तुत निबंधाचा विषय ह्या दोन उत्तरांमधील अंतर हा आहे. किड्याच्या पायावरचा केसन् केस स्पष्ट दिसू लागला, आणि त्याच वेळी त्याला हाक मारावयाचा शब्द मात्र ओठांवरून नाहीसा झाला, हे कसे घडले ते इतिहासाच्या आधारे पाहावयाचे आहे.

आरंभी त्या पहिल्या उत्तरातील शब्दाचाच विचार करणे सोयीचे होईल. ‘मॅक्रो’ हे मूळ ग्रीक विशेषण ‘लांब, मोठा’ ह्या अर्थाचे आहे. मराठी अर्थशास्त्राने ते ‘स्थूल’ ह्या शब्दाने उचलले आणि त्याच्या विरुद्धार्थी ‘मायक्रो’साठी ‘सूक्ष्म’ हा शब्द योजला. मग चिलटाएवढ्या प्राण्याच्या चित्रणास ‘स्थूल’ का म्हणावे? ह्याचे उत्तर शब्दाच्या उपपत्तीत नसून त्याच्या इतिहासात आहे. १८९९ साली वॉल्म्सली ह्या अमेरिकन अभ्यासकाने सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्रांपासून दहापटींहून कमी विवर्धनाची चित्रे वेगळी ओळखता यावीत म्हणून त्यांना ‘फोटो-मॅक्रोग्राफ’ हे नाव सुचविले. म्हणजे येथील ‘मोठा’ हा वस्तूचा गुण नव्हे, सूक्ष्मदर्शकाशी केलेली ती तुलना होय. पुढे १९५५ साली किल्फिट ह्या जर्मन भिंगकाराने ‘मॅक्रो-किलार’ हे पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी भिंग तयार केले, आणि पुढील वर्षी जपानमधील निकॉन कारखान्याने त्याच कामाच्या भिंगाला ‘मायक्रो-निक्कोर’ असे नाव दिले. वस्तूच्या प्रत्यक्ष आकाराहून प्रतिमा मोठी होत असेल तरच ‘मॅक्रो’ म्हणावे, असा त्या कारखान्याचा आग्रह होता. तो त्याने आजतागायत सोडलेला नाही. एकाच वस्तूला एका कारखान्याने ‘मोठे’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘लहान’ म्हणावे, ही अर्थविचाराच्या अभ्यासकाला मोलाची वाटावी अशी घटना आहे. मराठीने ह्या वादात न पडता ‘निकट-छायाचित्रण’ असा शब्द स्वीकारल्यास तो अधिक अन्वर्थक ठरेल. कारण ह्या विद्येचे मर्म वस्तूच्या आकारात नसून पाहणाऱ्याने साधलेल्या जवळिकीत आहे.

२

काच हाती येण्यापूर्वीही जवळून पाहणे होतेच. त्याचा पुरावा चित्रांत नसून शब्दांत आहे. मराठी भाषेतील कीटकनामे पाहिली असता त्यांच्या मागे तीन प्रकारचे निरीक्षण दिसून येते. काही नावे उद्योगावरून पडली. ओल्या मातीचे गोळे आणून भिंतीला घर बांधणारी माशी ती ‘कुंभारीण’ अथवा ‘कुंभारमाशी’. काही नावे काळावरून पडली. मृग नक्षत्राच्या पहिल्या सरींनंतर जमिनीवर दिसणारा मखमली तांबडा जीव तो ‘मृगाचा किडा’, आणि रात्री गाणारा तो ‘रातकिडा’. काही नावे उपद्रवावरून पडली. शेतकऱ्याचा ‘मावा’, ‘तुडतुडे’ आणि ‘पिठ्या ढेकूण’ ही नावे पिकाच्या पानाशी डोळा नेल्याखेरीज सुचणारी नव्हेत. तुडतुड्याची उडी आणि पिठ्या ढेकणाच्या अंगावरची पिठूळ पूड ही दोन्ही लक्षणे आज निकट-छायाचित्रात ठळक दिसतात. ती नावात मात्र कितीतरी आधी येऊन बसली होती.

मृगाच्या किड्यास संस्कृतात ‘इंद्रगोप’ म्हणतात, आणि वाल्मीकीच्या वर्षावर्णनातही तो येतो. वस्तुतः तो कीटक नव्हे. पूर्ण वाढ झाल्यावर त्यास आठ पाय असतात, म्हणून प्राणिशास्त्र त्यास कोळ्यांच्या वर्गात घालते. मराठी ‘किडा’ ह्या शब्दाला सहा आणि आठ पायांचा भेद मान्य नाही. ह्यास अज्ञान म्हणणे योग्य नाही. येथे वर्गीकरणाचे तत्त्व निराळे आहे. लोकभाषेने प्राणी पायांच्या संख्येवरून ओळखला नाही, तो केव्हा येतो आणि त्याच्या येण्याने काय कळते ह्यावरून ओळखला.

ह्या निरीक्षणाची मर्यादाही त्याच वाङ्मयात सापडते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले आहेत त्यांत मधमाशी, पतंग आणि कोळी यांच्या जोडीला भृंगी कीटकही आहे. ह्याच स्कंधावरील आपली मराठी टीका एकनाथांनी १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण केली. भृंगी एक अळी पकडून मातीच्या घरात कोंडते, अळी भयाने अखंड भृंगीचेच ध्यान करते आणि अखेर स्वतः भृंगी होऊन बाहेर पडते, असा हा दृष्टांत आहे. भक्तीच्या तत्त्वज्ञानात ‘कीटकभृंगन्याय’ म्हणून तो रूढ झाला. त्यातील निरीक्षण अर्धे अचूक आहे. कुंभारमाशी खरोखरच अळी धरून आणते, मातीच्या कोठडीत ठेवते, तोंड लिंपून टाकते, आणि काही दिवसांनी त्या कोठडीतून नवी कुंभारमाशीच बाहेर पडते. जे बाहेरून दिसत नाही ते असे : माशी अळीला डंखाने निश्चेष्ट करते, शेजारी स्वतःचे अंडे घालते, आणि अंड्यातून निघालेले पिल्लू त्या अळीवर वाढते. तिच्याच जातभाईंपैकी काही माश्या अळ्यांऐवजी कोळी साठवितात. कवीने जे पाहिले ते खरे होते. न दिसलेला मधला भाग त्याने तत्त्वज्ञानाने भरून काढला, इतकेच. निकट-दर्शनाची विद्या ह्या मधल्या भागाचा शोध घेते, असे म्हणण्यास हरकत नाही.

३

१६६५ हे साल ह्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट हूक याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यातील पिसवेच्या अवाढव्य चित्राने वाचक थक्क झाले. त्याच वर्षी मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्रजांच्या प्रत्यक्ष ताब्यात आले. ज्या भूमीचा विचार आपण करीत आहोत ती साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. ती १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांकडे आली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे भिंगाची विद्या ज्या लोकांच्या हाती वाढली त्यांचा साष्टीच्या बागांशी संबंध येण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला.

हा संबंध शास्त्रीय स्वरूपात दिसू लागतो तो एकोणिसाव्या शतकात. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची दुसरी, वाढविलेली आवृत्ती निघाली. मराठी कीटकनामांचा पहिला मोठा संग्रह म्हणून ह्या कोशाचे मोल आहे. तथापि कोशकार प्राणिशास्त्रज्ञ नव्हता. नाव मिळाले तरी ते नेमके कोणत्या जीवाचे हे ठरविण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते, आणि म्हणून पुष्कळदा ‘एक प्रकारचा किडा’ एवढ्यावर त्यास थांबावे लागले. शब्द नोंदला गेला. त्याचा अर्थ दाखविणारे बोट मात्र नोंदले गेले नाही. १९३२ पासून निघालेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’लाही ही उणीव पूर्णपणे भरून काढता आली नाही.

उलट बाजूने प्रयत्न झाला तो १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत. तिच्या आठ संस्थापकांत दोन महाराष्ट्रीय होते : प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि वनस्पतींचे व्यासंगी डॉ. सखाराम अर्जुन. संस्थापकांपैकीच एक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे १८५१ साली साताऱ्यास जन्मले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी लॅटिन शिकविले, आणि पुढे जकात व मीठ खात्यात नोकरी केली. ‘ईहा’ ह्या टोपणनावाने त्यांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेले ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक घराच्या आसपास वावरणाऱ्या मुंग्या, कोळी, बेडूक, कावळे यांच्याविषयी आहे. घरातील क्षुद्र जीव हाही पाहण्याचा विषय आहे ही दृष्टी त्यांनी इंग्रजी वाचकांना दिली. १८८६ पासून सोसायटीचे नियतकालिक निघू लागले. त्यात १८९२ साली वनाधिकारी रॉटन यांची ‘आपल्या मुंग्या’ ह्या अर्थाच्या शीर्षकाची लेखमाला आली, १९०३ साली एटकेन व कोंबर यांची कोकणातील फुलपाखरांची यादी आली, आणि १९०९ पासून बेल यांची सपाटीवरील फुलपाखरांविषयीची दीर्घ लेखमाला सुरू झाली. ह्या मंडळींनी अळ्या घरी वाढविल्या, त्या कोणत्या झाडाची पाने खातात ते टिपले, आणि रेखाटने व रंगीत चित्रे करवून घेतली. तथापि हे सर्व इंग्रजीत आणि लॅटिन नामांखाली नोंदले गेले. मोल्सवर्थपाशी शब्द होता, जीव नव्हता. सोसायटीपाशी जीव होता, मराठी शब्द नव्हता. ह्या दोन वह्या एकमेकींशेजारी कधी उघडल्या गेल्या नाहीत, आणि निबंधाच्या आरंभी ज्या अंतराचा उल्लेख केला त्याचे मूळ मला येथे दिसते.

लॅटिन नामे ही निर्जीव चिठ्ठ्या होत, असा समज मात्र करून घेऊ नये. त्यांना स्वतःचा वाङ्मयीन इतिहास आहे. १७५८ साली लिनेअसने मोठ्या फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धातील वीरांची नावे वाटून दिली. ज्यांच्या छातीवर रक्तासारखे तांबडे ठिपके ते ट्रॉयचे योद्धे, आणि बाकीचे ग्रीक. आज उपनगरांतील वसाहतींत शोभेसाठी लावलेल्या उंच हिरव्या अशोकावर ज्याच्या अळ्या वाढतात ते फुलपाखरू ‘अगामेम्नॉन’ होय. लिंबाच्या कुंडीवरचे ‘डेमोलिअस’ हा एनिअसच्या हातून पडलेला ग्रीक योद्धा, आणि सापसंदाच्या वेलीवर वाढणारे काळे-तांबडे फुलपाखरू म्हणजे ‘हेक्टर’. कढीपत्त्यावर वाढणारे ‘पॉलिटीस’ हे प्रायमचा पुत्र, म्हणजे हेक्टरचा भाऊ. निसर्गाची गंमत अशी की ह्या पॉलिटीसच्या माद्यांपैकी काही हुबेहूब हेक्टरसारख्या दिसतात. वेलीतील विषामुळे पक्षी हेक्टरच्या वाटेस जात नाहीत, आणि म्हणून त्याचे सोंग घेणाऱ्या मादीलाही अभय मिळते. बोरिवलीच्या एका कुंपणावर सबंध ट्रॉयचे युद्ध चालू असते. ज्याला नाव ठाऊक त्याला ते दिसते. इतरांना केवळ ‘काळे फुलपाखरू’ दिसते.

४

छायाचित्रणाची कला मुंबईस फार लवकर आली. डागेरच्या कृतीची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा ह्या सोसायटीशी संबंध होता, आणि नारायण दाजी स्वतः कुशल छायाचित्रकार होते. असे असताही त्या काळात कीटकांची छायाचित्रे निघाली नाहीत, ह्याचे कारण रुचीत नसून रसायनात आहे. काचेवर ओले द्रावण पसरून, ते वाळण्यापूर्वी प्रकाशित करून लगेच धुवावे लागे, आणि प्रकाशनास काही सेकंद लागत. लेणे किंवा दरबारी पुरुष तेवढा वेळ स्थिर राहू शकतो. मुंगी राहात नाही. १८७१ नंतर जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या आणि हा अडथळा क्रमाने कमी झाला.

मराठी माणसाने कॅमेरा सजीव सृष्टीच्या अगदी जवळ नेल्याचे एक सुप्रसिद्ध उदाहरण १९१२ सालचे आहे. इंग्लंडहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळके यांनी दादर येथील राहत्या घरी कुंडीत बी रुजवून त्याच्या वाढीचे टप्प्याटप्प्याने चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ ह्या नावाने ओळखली जाणारी ही लहानशी फिल्म त्यांनी धनिकांना दाखवून भांडवल मिळविले, आणि त्यातून पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण झाला. भारतीय चित्रपटाच्या मुळाशी एका अंकुराचे निकट-दर्शन आहे, ही गोष्ट आपल्याकडील इतिहासकारांनी कौतुकाने सांगितली, पण त्या दिशेने पुढे कोणी फारसे गेले नाही.

कीटकांसाठी खरी सोय झाली ती १९३६ नंतर, पस्तीस मिलिमीटरचे एकभिंगी परावर्ती कॅमेरे प्रचारात आल्यावर. सामान्य कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी आणि चित्र घेणारे भिंग ही दोन निराळी असतात. दूरच्या डोंगराच्या बाबतीत ह्या भेदाने काही बिघडत नाही, पण वीतभर अंतरावरचा भुंगेरा खिडकीत दिसतो आणि चित्रात येत नाही. परावर्ती कॅमेऱ्यात आरशाच्या योगे त्याच भिंगातून पाहता येते, आणि हा दोष उरत नाही. ‘मायक्रो-निक्कोर’ भिंगाची जन्मकथाही येथे सांगण्यासारखी आहे. ते कीटकांसाठी बनविलेले नव्हते. जपानी चित्रलिपीतील गुंतागुंतीच्या अक्षरांचे सूक्ष्मपट काढताना रेषा एकमेकींत मिसळत, त्या स्वच्छ उमटाव्यात म्हणून ते रचण्यात आले. अक्षर वाचण्यासाठी घडविलेले भिंग पुढे किड्याच्या पंखावरील शिरा वाचू लागले. लिपीच्या गरजेतून निसर्गदर्शनास साधन मिळाले, ही घटना भाषाविभागाच्या पत्रिकेत नोंदवून ठेवणे उचित होईल.

ह्या विद्येतील खरी अडचण गणिताची आहे. प्रतिमा वस्तूएवढीच मोठी, म्हणजे एकास एक, करावयाची असेल तर भिंग फिल्मपासून बरेच पुढे न्यावे लागते, आणि त्यामुळे फिल्मवर पोचणारा प्रकाश एकचतुर्थांश उरतो. शिवाय भिंगाचे छिद्र सोळा ह्या अंकावर आणून लहान केले तरी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली सुमारे दोन मिलिमीटर भरते. आंब्याच्या पानांचे घरटे शिवणारी तांबडी ओंबील सुमारे आठ मिलिमीटर लांबीची असते. तिचा डोळा स्पष्ट यावा असे योजले तर पोट धूसर होते. छिद्र आणखी लहान करावे तर प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच चित्र मऊ पडते. म्हणून ह्या कामात कृत्रिम झगमगाट लागतो, तो पसरविण्यासाठी दिव्यापुढे बटरपेपर किंवा थर्मोकोलचा तुकडा लावतात, आणि कीटक अजून गारठलेला व दवाने भिजलेला असताना, म्हणजे पहाटे, काम उरकतात. ज्यांना खास भिंग परवडत नाही ते साधे पन्नास मिलिमीटरचे भिंग उलटे बसवून निभावून नेतात. अलीकडे अंकीय कॅमेऱ्यामुळे निरनिराळ्या खोलीवर घेतलेली अनेक चित्रे संगणकावर एकत्र जुळवून सबंध कीटक स्पष्ट करण्याची युक्ती निघाली आहे. मात्र अशा चित्रात दिसणारा कीटक कोणत्याही एका क्षणी, कोणत्याही एका डोळ्याला तसा दिसलेला नसतो, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

५

ज्या भूमीवर हे सर्व चालते ती भूमीही ह्या काळात पालटली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली तेव्हा घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही खेडी होती. १९५० साली अंधेरी व घाटकोपर, आणि १९५७ साली बोरिवली व मुलुंड मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली. भातखाचरे, वाड्या आणि ताडामाडांची बने जाऊन त्या जागी वसाहती झाल्या, आणि जुन्या वाडीचा वारसा वसाहतीच्या बागेकडे आला. ह्या दाट वस्तीच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शिल्लक राहिले आहे. १९४९ साली दुधाच्या पुरवठ्यासाठी वसविलेली आरे वसाहत त्याला लागून आहे, आणि गोरेगाव येथे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. उपनगरातील निकट-छायाचित्रणाची चळवळ ह्या तीन ठिकाणांच्या आणि असंख्य लहान बागांच्या आश्रयाने वाढली.

तिचे फळ केवळ सुंदर चित्रे एवढेच नाही. ह्या शतकात आरे परिसरातील विंचवाच्या एका जातीला ‘आरेएन्सिस’, म्हणजे ‘आरे येथील’, असे जातिनाम मिळाले. २०२१ साली ठाणे परिसरातील उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला ‘आयसिअस तुकारामी’ हे नाव देण्यात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याची बंदूक घट्ट धरून ठेवून प्राण देणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. मराठी विशेषनामास लॅटिन षष्ठीचा प्रत्यय लागून ‘तुकारामाचा’ हा अर्थ सिद्ध झाला. लिनेअसने हेक्टरचे नाव फुलपाखरास दिले त्यानंतर अडीच शतकांहून अधिक काळ लोटला, पण वीराचे नाव क्षुद्र जीवाच्या अंगी चिरंतन करावे ही रीत टिकली. भेद इतकाच की ह्या वेळी वीर आपला होता.

तथापि छायाचित्राची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. कोळ्यांच्या व अनेक कीटकांच्या जवळच्या जाती बाहेरून सारख्याच दिसतात, आणि त्यांचा निर्णय जननेंद्रियांच्या रचनेवरून सूक्ष्मदर्शकाखाली करावा लागतो. छायाचित्र ‘येथे काहीतरी निराळे आहे’ एवढी सूचना देते. ‘हे अमुक होय’ हा निर्णय त्याच्या पलीकडचा आहे. आणि ज्याखाली स्थळ, तिथी व झाड ह्यांपैकी काहीच लिहिलेले नाही असे चित्र कितीही सुरेख असले तरी ते पुरावा होत नाही, शोभेची वस्तू होते.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काही वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका बागेतील कुंभारमाशीचे मोठे केलेले छायाचित्र मी पदव्युत्तर वर्गात दाखविले. वर्गाने ‘वास्प’ हा शब्द सांगितला, तोही थोड्या विलंबाने. तेच चित्र त्या बागेशेजारच्या जुन्या चाळीत राहणाऱ्या, भातशेतीच्या दिवसांपासून त्या गावात नांदलेल्या एका वृद्ध बाईंना दाखविले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाल्या, ‘ही तर कुंभारीण. चौकटीत घर करते ती. एवढंही ठाऊक नाही तुम्हांला?’ पुढे ती कोणती माती उचलते, घर कोणत्या महिन्यात बांधते आणि आत काय भरते हेही त्यांनी सांगितले. शेवटल्या मुद्द्यावर त्यांचे म्हणणे एकनाथकालीन दृष्टांतापेक्षा प्राणिशास्त्राच्या अधिक जवळ होते. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या बागेत कीटकनाशक फवारण्यात आले आणि कुंपण छाटले गेले. बाईही आता हयात नाहीत. चित्र माझ्यापाशी आहे. त्याखाली लिहिलेला शब्द त्यांचा आहे.

भाषाविज्ञानाच्या सर्वेक्षणांनी ह्या क्षेत्राकडे जवळजवळ पाठच फिरविलेली आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला आणि त्यात कोकणपट्टीतील आगरी, कोळी, कुणबी, वारली इत्यादी बोलींचे नमुने आले. परंतु सर्व बोलींसाठी वापरलेल्या प्रमाण शब्दसूचीत घोडा, गाय, कुत्रा, मांजर, बदक, उंटदेखील आहे, कीटक एकही नाही. स्वदेश यांच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या शंभर शब्दांच्या सूचीत कीटकांपैकी केवळ ‘ऊ’ला प्रवेश मिळाला आहे. १९६३ पासून डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मार्गदर्शनाने निघालेल्या बोलींच्या सर्वेक्षणमालेने ध्वनी व व्याकरण यांची भक्कम पायाभरणी केली, पण निर्जीव प्रश्नावलीने कीटकनाम विचारणे त्या काळी कठीणच होते. ‘ज्याला तुम्ही तुडतुडा म्हणता त्याला काय म्हणता?’ हा प्रश्न विचारता येत नाही. वस्तू दाखवावी लागते, आणि ती उडून गेलेली असते.

निकट-छायाचित्राने ही अडचण दूर केली आहे. ते उडून जात नाही, माणसाच्या तळहाताएवढे मोठे करता येते, आणि साष्टीतील आगरी, कोळी, ईस्ट इंडियन, वारली अशा सर्व समाजांतील वृद्धांपुढे एकच चित्र ठेवून नाव विचारता येते. मोल्सवर्थला जे बोट मिळाले नाही ते येथे हाताशी आहे. चित्राच्या पाठीवर स्थळ, तिथी, झाड, लॅटिन नाम आणि लोकनाम ही पाच नोंदी झाल्या म्हणजे एकोणिसाव्या शतकात एकमेकींपासून दूर राहिलेल्या दोन वह्या प्रथमच एकत्र येतील.

येथे एक शंका घेतली जाईल. नावे गोळा करण्याऐवजी नवी बनविणे सोपे आणि एकसारखे नव्हे काय? २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू जाहीर केले, आणि असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. इंग्रजीत ज्यास ‘ब्लू मॉरमॉन’ म्हणतात त्या ह्या फुलपाखरास मराठीत ‘राणी पाकोळी’ आणि ‘नीलवंत’ अशी दोन नावे प्रचारात आली. पुढे राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावे देण्याचा उपक्रमही हाती घेतला. हे प्रयत्न स्तुत्य आहेत, आणि जेथे लोकनाम मुळातच नाही तेथे नवनिर्मिती अपरिहार्य आहे. मराठीने फुलपाखरांच्या जातीजातींस स्वतंत्र नावे क्वचितच दिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु मुंग्या, माश्या, भुंगे, टोळ आणि पिकावरचे किडे यांची गोष्ट निराळी आहे. तेथे शब्द आहेत, ते केवळ विचारले गेलेले नाहीत. न विचारता नवे नाव छापणे म्हणजे राहत्या घरावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लावणे होय. म्हणून क्रम असा असावा : आधी विचारावे, मग शोधावे, आणि काहीच न मिळाल्यास घडवावे.

हे काम फार मोठ्या खर्चाचे नाही. भिंग उलटे बसविणाऱ्या त्या तरुणांपाशी चित्रांचे भांडार तयार आहे. आपल्या विभागापाशी बोलींच्या नोंदीची शिस्त आहे. दोहोंच्या दरम्यान उणीव आहे ती वेळेची, कारण ज्या पिढीने भातखाचराच्या बांधावर किडे पाहिले ती पिढी ह्या उपनगरांत आता शेवटच्या टप्प्यावर आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी जे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथून रोज आगगाडीने येतात त्यांनी येत्या पावसाळ्यात आपल्या वसाहतीच्या बागेतील एक चित्र आणि शेजारच्या जुन्या घरातील एक शब्द एवढे जरी आणले, तरी ह्या पत्रिकेच्या पुढील अंकात एका लहानशा शब्दसूचीला आरंभ करता येईल. तिचा पहिला शब्द ‘कुंभारीण’ हा असेल.